लांबच्या प्रवासासाठी आणि रोजच्या वापरासाठी टिकाऊ रिम कशी निवडावी

सायकल घेताना गिअर, फ्रेम, सीट सगळं नीट पाहिलं जातं. रिमकडे लक्ष जातं ते ती वाकल्यावर. सामान लादून फिरणाऱ्यांना आणि बारा महिने सायकलने कामावर जाणाऱ्यांना आम्ही सगळ्यात आधी एवढंच सांगतो: पैसे मागच्या चाकात घाला.

तुमचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं, कॅरिअरवरचं सामानही त्यावरच येतं आणि पायडलचा जोरही त्यालाच पेलावा लागतो. त्यात उजवीकडे फ्रीव्हील किंवा कॅसेट (चेन फिरते ती दातेरी चाकं) असल्यामुळे त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या आणि कडक ताणलेल्या असतात, डावीकडच्या सैल. म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. आज 40 भोकांचा हब (चाकाच्या मधला, तारा अडकवायचा भाग) सहज मिळत नाही. लांबच्या प्रवासाला मागे 36 तारा घ्या. पुढे 32 चालतील, 36 उत्तम. डबा आणि लॅपटॉप एवढंच ओझं असेल तर दोन्हीकडे 32 पुरतात. 24 तारांची चाकं देखणी दिसतात, पण त्यातली एक तार तुटली की चाक लगेच ब्रेकला घासायला लागतं. 36 मधली एक गेली तर बहुतेक वेळा पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येतं.

रिम ॲल्युमिनियमची आणि डबल वॉलची हवी. टायर काढून आत पाहा: तारांच्या निपलची (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाची) डोकी खोल भोकांत, वरच्या पत्र्याखाली दडलेली दिसली तर ती डबल वॉल. डोकी थेट ट्यूबखाली दिसत असतील तर सिंगल वॉल. ती खड्ड्यात लवकर चेपते. भोकांना धातूची कडी बसवलेली असेल तर चांगलंच. स्टीलची चकचकीत रिम मजबूत वाटते, पण पावसात तिच्यावर ब्रेकचं रबर घसरतं आणि सायकल थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. उताराच्या रस्त्यांसाठी आम्ही ती सुचवत नाही. वजनाच्या मागेही लागू नका. टूरिंगची चांगली रिम साधारण 550 ते 700 ग्रॅमची असते, आणि ते वजन सत्कारणी लागतं.

ब्रेक रिमही खातो

रिम ब्रेक असेल तर रिमची कड दर ब्रेकला थोडी झिजते. पावसाळ्यात चिखल आणि वाळू रबरात रुतून बसते, मग ते रबर कानशीसारखं चालतं. रेवस ते रेडी किनाऱ्याने जाणाऱ्यांना हे फार लवकर दिसतं: प्रत्येक खाडीशी उभा उतार, दिघीला किंवा दाभोळला फेरीबोट, पलीकडे पुन्हा चढ आणि पुन्हा उतार.

झीज घरीच तपासता येते. हवा काढा आणि स्टीलची पट्टी ब्रेकच्या पट्ट्यावर, म्हणजे रबर घासतं त्या कडेवर, उभी धरा. पट्टीखालून मध्ये उजेड दिसला तर कड आत खोलावली आहे. बऱ्याच रिमवर बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला की रिमचं आयुष्य संपलं. नव्या रिमची कड साधारण दीड मिलिमीटर जाड असते, ती एक मिलिमीटरच्या आत आली तर त्यावर फिरू नका. पातळ कड हवेच्या दाबाने फाटते, आणि ती बहुधा भर उतारावर फाटते. निपलच्या भोकाभोवती केसासारख्या भेगा दिसल्या तरी रिम बदला. रबरात चमकणारे कण दिसले तर दाभणाने टोकरून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

डिस्क ब्रेक असेल तर ही झीज होत नाही. मात्र डिस्कसाठीच्या बऱ्याच रिमना ब्रेकचा पट्टा नसतो, त्यांच्यावर रिम ब्रेक लावू नका.

माप

28 म्हणून दोन वेगवेगळी मापं विकली जातात. टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाने मोजलं तर जुन्या काळ्या सायकलीचं 28 × 1½ म्हणजे 635 मिलिमीटर; हायब्रिड आणि रोड सायकलचं 700सी म्हणजे 622. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरवर 37-622 असा आकडा असतो (आधी टायरची रुंदी, मग हा व्यास), तोच खरा धरा. रिमची आतली रुंदी 32 ते 37 च्या टायरला 19 ते 21 मिलिमीटर, त्याहून जाड टायरला 21 ते 25 ठीक. व्हॉल्व्हचं भोक तुमच्या ट्यूबशी जुळतं का, हेही पाहा. खेड्यापाड्यात प्रेस्टा (बारीक नळीच्या) व्हॉल्व्हची ट्यूब सहसा मिळत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाला आम्ही मोठ्या भोकाची रिम देतो.

चाक बांधणं

उत्तम रिमही ढिसाळ बांधली तर तारा तोडते. तारा बहुतेक वेळा सैल राहिल्यामुळे तुटतात: दर फेऱ्याला त्या ढिल्या होतात, ताणल्या जातात आणि हबजवळच्या वाकात मोडतात. एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडून पाहा, आवाज जवळजवळ सारखा यायला हवा. एखादी भदभद वाजली तर सायकल आणा. आमच्याकडे बांधलेल्या नव्या चाकाचा आउट (वाकडेपणा) पहिल्या 200 किलोमीटरनंतर आम्ही एकदा विनाशुल्क काढून देतो. तारा त्या काळात बसतात, म्हणून ही फेरी चुकवू नका.

रिम बघायला येताना जुनं चाक टायरसकट घेऊन या. हबची भोकं मोजून आणि टायरचा आकडा वाचूनच आम्ही रिम काढतो. सामानासह एकूण वजन किती होईल, तेही अंदाजे सांगा.