पार्श्वभूमी : पॉइंट नेमका केवढा?

‘अक्षर १२ पॉइंटात ठेवा’ म्हटलं की डीटीपी करणारा पुढे काही विचारत नाही. पण हा पॉइंट कुठला आणि तो मोजायचा कशावर, याची उत्तरं काळाप्रमाणे बदलत गेली आहेत.

खिळ्यांच्या, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या, काळाबद्दल थोडक्यात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये राजमान्य इंचाचे ७२ भाग करून सुमारे ०.३७६ मिलिमीटरचा पॉइंट ठरला आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी तोच रुळला. अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्यांनी १८८६ मध्ये वेगळा पॉइंट स्वीकारला, सुमारे ०.३५१ मिलिमीटरचा. इंचात असे ७२.२७ पॉइंट बसतात.

खरी भानगड १९८०च्या दशकातली. पानाची मांडणी छपाईयंत्राला सांगणारी संगणकीय भाषा आली आणि तिने वरचे .२७ सरळ छाटून टाकले. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरही इंचाला ७२च ठिपके होते, त्यामुळे एक ठिपका बरोबर एक पॉइंट हा हिशेब जमला. सोय झाली खरी, पण जवळपास शंभर वर्षं चाललेलं माप बदललं आणि नाव तेवढं जुनंच ठेवलं. हे काही सरळ काम नव्हे. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, एका ओळीत दिसणारही नाही. मात्र जुन्या हिशेबाने ७२० पॉइंट उंचीचा कॉलम नव्या पॉइंटात तसाच लावला, तर तळाशी जुने पावणेतीन पॉइंट जास्त लागतात. गणिती मजकुरासाठीच्या ‘टेक’ प्रणालीने ७२.२७ सोडला नाही. नव्या पॉइंटला तिथे ‘बिग पॉइंट’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

पुढे वेबवर इंचाला ९६ पिक्सेल धरले गेले, म्हणून तिथे १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. पडद्यावर पट्टी लावली तर तो इंच भरेलच असं नाही.

शिवाय पॉइंट ही अक्षराची उंची कधीच नव्हती. ते खिळ्याच्या धातूच्या ठोकळ्याचं माप. वरखालची मोकळी जागा त्यातच आली. धातू गेला तरी हिशेब तोच राहिला. म्हणून दोन फॉन्ट १२ पॉइंटातच लहानमोठे दिसतात, आणि वर रफार-वेलांटी, खाली उकार सांभाळणारं देवनागरी अक्षर बऱ्याचदा शेजारच्या रोमनपेक्षा बारीक वाटतं.

कार्डाच्या जाडीतला पॉइंट तर निराळाच : इंचाचा हजारावा भाग. १२ पॉइंटचं कार्ड जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतं.