खोकं फोडलं म्हणून हक्क जात नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजच्या दारात वर्षानुवर्षं ऐकू येतं: "ऑनलाइन पार्ट मागवलास? खोकं फोडलं की तुझ्याच गळ्यात." हे ऐकून लोक हजारो रुपयांवर पाणी सोडतात, तेव्हा जीव जळतो. कारण ते साफ चुकीचं आहे.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनापेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं असलं तरीही.

मात्र ७ दिवसांत काहीही परत करता येतं, असा कायदाही आपल्याकडे नाही. 'फक्त डिझेल मॉडेलसाठी' असं लिहिलेले ब्रेक पॅड तुम्ही पेट्रोल गाडीला मागवलेत, तर साइटच्या परतीच्या धोरणावरच भिस्त. म्हणून आधी आरसीवरचा चासी नंबर देऊन विक्रेत्याला विचारा, चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. 'बसेल' असं त्यानं लिहून दिलं आणि पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे तो बसतो त्या ब्रेकच्या पकडीत, शिरलाच नाही, तर तुमची बाजू भक्कम. घासून, ठोकून बसवायला मात्र जाऊ नका. पुरावाच खराब होतो.

विक्रेता दिल्लीचा म्हणून दिल्लीला खेटे घालावे लागतात, हेही खोटं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.