तडे म्हणजे वय नव्हे

निळ्या नक्षीच्या कोरियन चिनीमातीच्या भांड्यांविषयी एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे : झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, बारीक तड्यांचे जाळे असले, की भांडे कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळातले (१३९२-१९१०) अस्सलच. वस्तुतः भाजल्यानंतर निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा अधिक आकसली, तर ती ताणाने तडकते, आणि हे नव्याकोऱ्या भांड्यातही घडते; शिवाय त्या तड्यांत चहाचा रंग मुरवून जुनेपण आणता येते. उलट, कित्येक अस्सल भांड्यांवर तडे नाहीतच. म्हणून भांडे हलकेच उलटे करून बुडाची कडा भिंगातून पाहावी : भट्टीत वाळूवर ठेवल्याने चिकटलेले खरखरीत कण आणि वापराने आलेली, कुठे जास्त कुठे कमी अशी झीज तेथे दिसू शकते. अर्थात वाळूही मुद्दाम चिकटवता येते, त्यामुळे घाट, झिलई, कोबाल्टची निळाई आणि बूड ही सारी एकत्रच तपासावी लागतात.