समतुल्यता (युरोपीय वित्तीय कायदा)

समतुल्यता : बाहेरच्या एखाद्या देशाचे वित्तीय नियम आणि त्यांवरची देखरेख आपल्या तोडीची आहे, असा युरोपीय आयोगाने दिलेला निर्णय. युरोपीय संघाच्या कायद्यात अशा बाहेरच्या देशांना ‘तिसरे देश’ म्हणतात. निर्णय अनुकूल असेल, तर त्या देशातील शेअर बाजार, क्लिअरिंग संस्था (खरेदीदार व विक्रेता यांच्यामध्ये उभे राहून व्यवहार पुरा होण्याची हमी घेणाऱ्या संस्था), पतमानांकन कंपन्या इत्यादींना ठरावीक कामापुरती संघाची बाजारपेठ खुली होते.

सदस्य देशांतील कंपन्यांना मिळणाऱ्या ‘पासपोर्ट’शी तिची गल्लत करू नये. पॅरिसमध्ये परवाना घेतलेली कंपनी त्याच परवान्यावर सर्व सदस्य देशांत धंदा करते. तो तिचा हक्क आहे. समतुल्यता हा हक्क नव्हे. आयोग ती एकतर्फी देतो, तिला मुदत घालतो आणि वाटल्यास काढूनही घेतो. शिवाय ज्या कायद्यात तशी तरतूद आहे तेवढ्यापुरतीच ती मिळते. ठेवी घेण्यासाठी तशी वाटच नाही. संघाने पतमानांकनाचे नियम कडक केल्यावर त्यांच्याशी मेळ न राहिलेल्या कॅनडा, ब्राझील, सिंगापूर, अर्जेंटिना व ऑस्ट्रेलिया या देशांची त्या क्षेत्रातील समतुल्यता जुलै २०१९ मध्ये रद्द झाली.

कागदोपत्री हा तांत्रिक तपासणीचा विषय असला, तरी त्यात राजकारण उघड दिसते. स्वित्झर्लंडच्या शेअर बाजारांना २०१८ साठी फक्त एका वर्षाची मान्यता मिळाली, मग सहा महिन्यांची वाढ. त्यांचे नियम काही बिघडले नव्हते. अडले होते ते दोन्ही बाजूंमधील व्यापक राजकीय कराराचे घोडे. ३० जून २०१९ ला मुदत संपताच स्वित्झर्लंडने संघातील बाजारांवर स्विस शेअरच्या व्यवहारांना बंदी घातली आणि ते व्यवहार मायदेशी वळवले.

ब्रिटनचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संघाचेच नियम पाळणाऱ्या या देशाला दुसऱ्या दिवसापासून शेअर बाजारांसाठी समतुल्यता नव्हती. परिणामी जानेवारी २०२१ मध्ये शेअर उलाढालीत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकले. क्लिअरिंगसाठी मात्र ब्रिटनला मुदतीची समतुल्यता मिळाली व ती पुढे वाढवलीही गेली, कारण युरोपीय बँकांचेच मोठे व्यवहार लंडनमधील क्लिअरिंग संस्थांत अडकलेले होते. थोडक्यात, ज्याची गरज स्वतःला आहे ते दार संघ सहसा बंद करत नाही.

समतुल्यता मिळाली म्हणजे काम झाले, असेही नाही. क्लिअरिंग संस्थेला त्यापुढे ‘एस्मा’ या युरोपीय नियामकाची स्वतंत्र मान्यता लागते आणि त्यासाठी दोन्हीकडच्या नियामकांत सहकार्य करार हवा. भारतीय क्लिअरिंग संस्थांचे घोडे इथेच पेंड खाऊ लागले. आपल्या संस्थांवर परक्या नियामकाची थेट देखरेख रिझर्व्ह बँकेला रुचली नाही. त्या वेळी करार झाला नाही. ३० एप्रिल २०२३ पासून एस्माने सहा भारतीय संस्थांची मान्यता काढली. मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही त्यांतलीच. भारतात व्यवहार करणाऱ्या आपापल्या बँकांची कोंडी ओळखून जर्मनी व फ्रान्सच्या नियामकांनी त्यांना १८ महिन्यांची सवड दिली.

परवान्याविना येण्याची एक चोरवाटही आहे. ग्राहकाने स्वतःहून सेवा मागितली, तर बाहेरची कंपनी ती पुरवू शकते. ब्रेक्झिटनंतर काही कंपन्यांनी संकेतस्थळावर ‘मला मान्य आहे’ अशी चौकट टाकून पुढाकार ग्राहकाचाच होता, असे भासवायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये एस्माने स्पष्ट केले, की कंपनीनेच जाहिरात केली असेल, तर अशा कबुलीला अर्थ नाही. बँकांसाठी ही वाट आणखी महत्त्वाची ठरणार आहे : ११ जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या तरतुदीनुसार बाहेरच्या बँकेला संघात ठेवी घ्यायच्या किंवा कर्जे द्यायची, तर काही अपवाद वगळता तिथे शाखा उघडावी लागेल. ग्राहकाचा स्वतःचा पुढाकार हा त्या अपवादांपैकी एक आहे.