यूएसबी पोर्ट कधी चालतो, कधी नाही? मदरबोर्ड बदलण्याआधी हे वाचा

‘पोर्ट गेला’ म्हणत सीपीयू रिक्षात घालून रत्नागिरीच्या बाजारपेठेपर्यंत आणण्याआधी हे माहितीपत्रक वाचून काढा. (त्या डब्याला खरं तर कॅबिनेट म्हणतात. पण सगळे सीपीयूच म्हणतात, आम्हीही.) दुकानात मशीन लावून बघावं, तर पुष्कळदा पोर्ट ठणठणीत असतो आणि बिघडलेली केबल घरीच राहिलेली असते. तपासणीचे पैसे मात्र आम्हाला घ्यावे लागतात, आणि ते घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.

म्हणून आधी अदलाबदल करून बघा. जो पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर चालत नाही तो दुसऱ्या पोर्टला लावा आणि संशयित पोर्टला चांगला चालणारा माउस लावा. वस्तू प्रत्येक पोर्टवर रुसत असेल तर दोष वस्तूचा किंवा तिच्या केबलचा. मोबाइल चार्ज होतो पण कॉम्प्युटरवर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर केबल बदलूनच बघा. काही स्वस्त केबलींत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. मोबाइलवर ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडायचं राहिलं नाही ना, हेही बघून घ्या.

मग मशीन ‘रिस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं, तर शट डाउन करताना विंडोज आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. कालचा घोळ आजही तसाच राहतो. एवढ्याने भागलं नाही तर मशीन नीट बंद करून भिंतीवरचा खटका बंद करा, वायर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. आत उरलेला चार्ज निघून जातो आणि अडकलेले पोर्ट पुन्हा जागे होतात. फोनवर आम्ही सर्वांत आधी हेच करायला सांगतो.

आता पुढचे पोर्ट आणि मागचे पोर्ट. हे नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच वाचतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेले असतात. पुढचे मात्र कॅबिनेटच्या तोंडाशी छोट्या पट्टीवर असतात आणि तिथून एक वायर मदरबोर्डच्या पिनांवर जाते. ही वायर सैल होते, कधी उंदीरही कुरतडतो. मागचे सगळे पोर्ट चालतात आणि पुढचेच दगा देतात, तर मदरबोर्डकडे बोट दाखवण्याआधी ही वायर आणि पट्टी तपासायला हवी. ती बदलणं किरकोळ काम आहे. अशा वेळी कोणी थेट मदरबोर्डचा खर्च सांगितला, आम्ही सांगितला तरी, आधी वायर बघितली का ते विचारा.

पोर्ट झिजतोही. नेहमीच्या चपट्या यूएसबी पोर्टसाठी मानक किमान १५०० वेळा घालण्या-काढण्याचं आहे. रोज दोनदा पेन ड्राइव्ह लावला तर हा आकडा साधारण दोन वर्षांत गाठला जातो. पुढे तो लगेच मरतो असं नाही, पण आतले पत्रे सैल पडू लागतात. उपाय सोपा आहे: एक आखूड एक्स्टेन्शन केबल पोर्टला कायमची लावून ठेवा आणि घालणं-काढणं तिच्या टोकाला करा.

पोर्टेबल हार्ड डिस्क टक-टक वाजते आणि गायब होते? हा बहुधा विजेचा प्रश्न असतो, पण डिस्क स्वतःच मरायला टेकलेली असू शकते. आधी डेटा दुसरीकडे उतरवा. साध्या यूएसबी २.० पोर्टला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० ला ९००. हा पोर्ट बहुतेक वेळा आतून निळा असतो. डिस्क फिरायला लागताना जास्त वीज ओढते. अडॅप्टर नसलेल्या हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) डिस्क, प्रिंटर आणि वेबकॅम टांगले तर एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटली जाते. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला, आखूड केबलने लावून बघा. सगळेच पोर्ट एकदम लहरीपणा करत असतील तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर, संशय घ्या. तो घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आत धोकादायक चार्ज राहतो.

वायरलेस माउस अडखळतोय आणि शेजारच्या निळ्या पोर्टला डिस्क लावलेली आहे? यूएसबी ३.० च्या वाहतुकीचा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शिरतो. डोंगल (माउसचा पोर्टला लावायचा छोटा तुकडा) दूरच्या पोर्टला लावा. माउस फेकून देऊ नका.

थोडा वेळ वापर नसला की वस्तू ‘झोपत’ असेल, तर विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी रूट हबवर दोनदा क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी खूण काढा. प्रत्येक रूट हबसाठी हेच करा. काही मशीनवर हा टॅब दिसत नाही, तेव्हा शोधत बसू नका.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पोर्टच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. मशीन बंद करून वायर काढून मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. सुई, टाचणी नको. तोंडाने फुंकर तर मुळीच नको, थुंकीचा ओलावा आत जातो. खोबरेल तेल लावलेला पोर्टही आम्ही पाहिला आहे, त्याबद्दल अधिक बोलत नाही. पोर्टच्या आतली जीभ वाकलेली किंवा तुटलेली दिसली तर तो पोर्ट वापरू नका, शॉर्ट होऊ शकतो. आणि पोर्टच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आमच्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही तर मशीन जरूर आणा. येताना रुसलेली वस्तू, तिची नेहमीची केबल आणि अडॅप्टर बरोबर असू द्या. मॉनिटर आणि कीबोर्ड आमच्याकडे आहेत.