स्मृतिभ्रंश-प्रतिबंध, जीवनशैलीद्वारे (खानदेश)

उतारवयातील स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) धोका आहार, हालचाल, रक्तदाबावरील नियंत्रण, कानाडोळ्यांची निगा आणि माणसांची संगत यांच्या आधारे कमी करण्याचे, निदान त्याचा आरंभ लांबवण्याचे प्रयत्न. ‘प्रतिबंध’ हा शब्द रूढ असला तरी सैल आहे. वय आणि आनुवंशिकता कोणालाच बदलता येत नाहीत. येथे विषय जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील राहणीच्या अनुषंगाने मांडला आहे.

संज्ञा : ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेत (२.६३) येतो. तेथे मात्र क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिविभ्रम आणि पुढे बुद्धिनाश अशी साखळी आहे. वार्धक्याचा उल्लेख नाही. चरकसंहितेत धी, धृती व स्मृती ढळल्यावर माणसाच्या हातून जे अशुभ कर्म घडते, त्याला प्रज्ञापराध म्हटले आहे. या संहितेचे आजचे रूप सामान्यतः इसवी सनाच्या आरंभाच्या मागेपुढे काही शतकांत सिद्ध झाले, असे मानतात. हा आजार प्राचीनांना याच रूपात ठाऊक होता, असे काही अभ्यासक म्हणतात. शब्द जुना पण आजचा वैद्यकीय अर्थ अलीकडचा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत आढळणारा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या आलोईस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णेची माहिती मांडली, ती त्यांच्याकडे प्रथम आली तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडलेली होती, हेही लक्षात घेण्याजोगे. बोलीत ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात आणि तपासणी राहून जाते.

आधार : ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये ९, २०२० मध्ये १२ व २०२४ मध्ये १४ बदलण्याजोगे धोके नोंदवले, ते सर्व टळले तर तत्त्वतः सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील वा लांबतील, असा शेवटचा अंदाज. तो साऱ्या लोकसंख्येचा हिशेब आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. फिनलंडमधील १,२६० ज्येष्ठांवरील ‘फिंगर’ चाचणीत (२०१५) आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाब-साखरेवर लक्ष यांचा दोन वर्षे मेळ घातल्यावर बौद्धिक चाचण्यांतील गुण तुलनागटापेक्षा अधिक सुधारले. मात्र आजार टळतो, हे त्यातून सिद्ध झाले नाही. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा ज्येष्ठांच्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात जास्त.

खानदेशी संदर्भ : कळणाची भाकरी, वांग्याचे भरीत, पालेभाजी, शेंगदाणे या रोजच्या जेवणात आक्षेपार्ह फारसे नाही. अडचण मिठाची आहे. पापड, बिबडे, लोणचे आणि शेवभाजीची शेव यांतले मीठ कोणी मोजत नाही, आणि मध्यम वयातील उच्च रक्तदाब हा तर धोक्यांच्या यादीतला ठळक घटक. फिरणेही ऋतूवर अवलंबून असते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून ज्येष्ठांनी उजाडता उजाडता बाहेर पडावे. चुलीचा धूर, बिडी-तंबाखू आणि दुचाकीवरील डोक्याची इजा हे घटकही याच यादीत बसतात.

बहिरेपणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ओट्यावर बसलेले आजोबा प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’ म्हणतात. घरचे समजतात, बाबांना चळ लागला. ऐकू न आल्याने बोलणे तुटते, बोलणे तुटल्यावर माणूस एकटा पडतो. मुले पुण्याला किंवा सुरतेला असतील तर लवकरच. श्रवणयंत्राच्या ‘अचीव्ह’ चाचणीत (२०२३) सर्व सहभागींचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

कमी शिक्षण हाही धोका मानतात. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी कडव्यांमागून कडवी म्हणणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीची स्मरणशक्ती शाळेच्या वर्षांत मोजणे अपुरे ठरते. निरक्षरांसाठी हरियाणातील बल्लभगढ येथे हिंदी मानसिक चाचणी तयार झाली, ती यामुळेच. त्याच परिसरात अल्झायमरचे प्रमाण कमी आढळल्यावर श्रेय हळदीला दिले गेले. अल्प आयुर्मान आणि निदानातील फरक यांचा विचार करता ते घाईचे वाटते. हळदीतील कर्क्युमिन हा घटक आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि अल्झायमर रुग्णांवरील छोट्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने या हेतूने ब व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेण्याची शिफारस केलेली नाही. रक्तात ब-१२ ची खरोखर कमतरता असेल, तर गोष्ट वेगळी. शाकाहारी घरांत ती तपासून घ्यावी, कारण त्यामुळे आलेला विसराळूपणा वेळीच उपचार झाल्यास बरा होऊ शकतो.