एरिक्सनचा सातवा टप्पा

डी.एड., बी.एड. किंवा टीईटीची तयारी केलेल्या कुणालाही अर्ध्या झोपेत उठवून विचारा, एरिक्सनचे मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे तो घडाघडा म्हणून दाखवेल. जोड्या लावा, वयोगट लिहा, मार्क घ्या. शिकवण्यासाठी लागतात ते पहिले पाच टप्पे. पुढचे तीन बहुतेकांनी फक्त पाठ केलेले असतात. आणि खरी गंमत तिथेच आहे, असं माझं मत.

एरिक एरिक्सनचा जन्म १९०२चा, फ्रँकफर्टचा. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता बाप कोण, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडील कार्ल्सरूहचे बालरोगतज्ज्ञ. पोरगा उंच, सोनेरी केसांचा, त्यामुळे सिनेगॉगमध्ये परका आणि शाळेत मात्र ज्यू म्हणून वेगळा. चित्रकार व्हायचं म्हणून काही वर्षं भटकला आणि १९२७मध्ये व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत शिक्षक म्हणून चिकटला. तिथे ॲना फ्रॉइडकडे मनोविश्लेषण शिकला. विद्यापीठाची पदवी शेवटपर्यंत घेतली नाही. १९३३मध्ये नाझींच्या सावटात अमेरिकेला गेला आणि १९५०मध्ये त्याने हे आठ टप्पे पुस्तकात मांडले.

ॲनाचे वडील आणि मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या मते माणसाचा पाया लहानपणीच भरला जातो. एरिक्सनने ते अमान्य केलं नाही, पण वाढ तिथेच थांबते हेही मानलं नाही. प्रत्येक वयात शरीर, मन आणि भोवतालचा समाज मिळून माणसापुढे एक नवा पेच टाकतात. हा पेच कायमचा जिंकता येत नाही. दोन्ही बाजूंचं प्रमाण जमवावं लागतं. पहिल्या वर्षात बाळाला जगाबद्दल विश्वास वाटायला हवा. आई नजरेआड झाली तरी भोकांड न पसरणं, ही एरिक्सनच्या मते बाळाची पहिली सामाजिक कमाई. पण कुणाच्याही कडेवर बिनदिक्कत जाणारं पोर आपल्यालाही काळजीत टाकतं. थोडा अविश्वासही लागतोच.

दोन-अडीच वर्षांचं मूल चपला घालताना बघा. उजवी डाव्यात, डावी उजव्यात, पट्टा टाचेखाली दबलेला. तुम्ही हात पुढे केलात की ‘मी, मी!’ म्हणून हात झिडकारणार. रिक्षा दारात उभी असते, आपण घाईत असतो, पण हा स्वायत्ततेचा टप्पा आहे. इथे दरवेळी ‘तुला जमत नाही, आण इकडे’ ऐकू आलं, तर लाज आणि स्वतःबद्दलची शंका घर करते. पुढे बालवाडीच्या वयात पुढाकार की अपराधभाव, प्राथमिक शाळेत उद्यमशीलता की न्यूनगंड. निकालपत्रावरचा नंबर इथे किती खोल जातो, ते मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

किशोरवयात प्रश्न येतो तो ‘मी कोण?’ हा. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजातल्या तरुणांच्या मुलाखती घेऊन १९६६मध्ये याचे चार प्रकार मांडले. काहींनी शोध घेतलेला असतो आणि निर्णयही. काही अजून शोधात असतात. काहींनी दोन्हींतलं काहीच केलेलं नसतं. चौथा प्रकार आपल्या ओळखीचा: निर्णय पक्का, पण शोध शून्य. दहावीला टक्के चांगले पडले म्हणून सायन्स, सायन्स घेतलं म्हणून इंजिनिअरिंग. मुलगा शहाणा, घरात शांतता. पेच मात्र न सुटता नुसता झाकला जातो, आणि तिशीत नोकरी सोडायचं खूळ डोक्यात शिरलं की घरच्यांना तो अचानक बिघडल्यासारखा वाटतो.

विशी-तिशीतला पेच जवळीक की एकाकीपणा असा. त्यानंतर येतो सातवा, सर्वांत लांबलचक टप्पा. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी आपण काही घडवतो आहोत का? मुलं वाढवणं हा त्याचा एक प्रकार. शिकवणं, संस्था उभी करणं, हाताखालच्या पोराला काम शिकवणं हेही त्यातच. हे जमलं नाही की माणूस साचतो, स्वतःचेच लाड करत बसतो.

या टप्प्याचा एक मोठा नमुना एरिक्सनला सापडला तो अहमदाबादेत. १९६२मध्ये तो तिथे आला, तेव्हा १९१८च्या गिरणी संपातली काही माणसं हयात होती. प्लेगच्या साथीत मिळणारा बोनस बंद झाल्यावर कामगारांनी पगारवाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले, गांधीजींनी ३५ टक्के न्याय्य ठरवले. कामगारांच्या बाजूला अनसूयाबेन, समोर मालकांमध्ये त्यांचाच भाऊ अंबालाल साराभाई. कामगार डगमगू लागले तेव्हा गांधीजींनी उपोषण मांडलं. त्यांचं वय ४८. एरिक्सनला दिसला तो मध्यमवयात हजारोंची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस. यावर त्याने १९६९मध्ये पुस्तक काढलं, त्याला पुढे पुलित्झर पुरस्कार मिळाला. पण पुस्तकाच्या मध्येच एरिक्सन गांधीजींना उद्देशून एक पत्रवजा प्रकरण लिहितो आणि कस्तुरबांशी, मुलांशी ते जसे वागले त्याबद्दल जाब विचारतो. जगाचा बाप होणं आणि घरातला बाप होणं यांची सांगड बसेलच असं नाही.

हे त्याला स्वतःवरूनही ठाऊक असावं. १९४४मध्ये त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्या काळच्या डॉक्टरी सल्ल्याप्रमाणे बाळाला संस्थेत ठेवलं गेलं आणि थोरला सोडून घरातल्या इतर मुलांना सांगितलं गेलं, बाळ गेलं. प्रत्यक्षात तो मुलगा वीसेक वर्षं जगला. या टप्प्यातून उगवणाऱ्या गुणाला एरिक्सनने नाव दिलं होतं ‘काळजी’. ही माहिती वाचल्यावर माझ्या मनातला सिद्धांत खोटा पडला नाही, फक्त त्याची चौकट सुबक राहिली नाही.

आठव्या टप्प्यात म्हातारा माणूस मागे वळून बघतो: जगलो ते माझं होतं, की सगळं फुकट गेलं? एरिक्सन १९९४मध्ये, ९१व्या वर्षी वारला. या सिद्धांतात पहिल्यापासून त्याची भागीदार असलेली पत्नी जोन तेव्हा नव्वदीला आलेली. आठ टप्पे पुरत नाहीत, असं स्वतःच्या म्हातारपणाने तिला शिकवलं. तिने नववा टप्पा जोडला आणि त्यात सगळ्या जोड्या उलटून लिहिल्या: आधी अविश्वास, मग विश्वास; आधी लाज आणि शंका, मग स्वायत्तता. नव्वदीत पायावर भरवसा राहत नाही, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, आणि दोन वर्षांच्या पोराचा ‘मी, मी!’चा तंटा पुन्हा सुरू होतो. फरक एवढाच की आता घाई मुलांना असते आणि चपला आईच्या असतात.